‘शहाणी’ होण्याआधी

मुलगी वयात आली, हे सांगण्यासाठी मराठी भाषेने फार जपून शब्द निवडले आहेत. ‘पदर आला’, ‘न्हाण आले’, ‘मोठी झाली’ आणि या सर्वांत अर्थपूर्ण म्हणजे ‘शहाणी झाली’. या शेवटच्या शब्दात एक गृहीत दडलेले आहे. शरीर आणि समज बरोबरीने येतात, असे तो शब्द मानून चालतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही ठरत असे. परंतु दुसरी-तिसरीत शिकणारी, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून घरोघरी नेणारी मुलगी जेव्हा छातीपाशी दुखते म्हणून आईकडे येते आणि आईच्या बोटांना तेथे लहानशी गाठ लागते, तेव्हा ते गृहीत मोडून पडते. शरीर पुढे धावू लागलेले असते. समज मात्र अजून बाहुलीच्या लग्नातच रमलेली असते.

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावरील वाडी ही अशा कुटुंबांची वस्ती आहे. मालवाहतुकीची कार्यालये, गोदामे, जवळच असलेला अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना, आणि या सर्वांच्या आधाराने वाढलेली घरे व वसाहती. गावाकडची आजी आणि शहरात वाढणारी नात येथे अनेकदा एकाच छताखाली नांदतात. आजीला आपली पहिली पाळी आठवते ती लग्नाच्या बोलण्यांच्या सुमारास आलेली. आईला आठवते ती सातवी-आठवीतली. नातीचे शरीर मात्र चौथीतच बदलू लागते. मग दबक्या आवाजात प्रश्न सुरू होतात. हे दुधामुळे झाले का? काही आजार तर नाही? उंची खुंटेल का? पुढे लग्नाच्या वेळी अडचण येईल का? डॉक्टरांना दाखवावे, तर कोणाला कळेल का?

या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे वैद्यकशास्त्राजवळ आहेत, काहींची घराजवळ. दोन्ही वेळेवर मिळाली तर मुलीचे फारसे काही बिघडत नाही. बहुतेक नुकसान होते ते संकोचाने गमावलेल्या महिन्यांमुळे.

लवकर म्हणजे नेमके केव्हा?

मुलीच्या शरीरातील पहिला बदल साधारणतः ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान दिसतो. तो बहुधा छातीवरील लहानशा, किंचित दुखऱ्या गाठीच्या रूपाने येतो. अनेकदा एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी. त्यानंतर काखेत व जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते आणि पहिल्या बदलापासून सुमारे दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीची छाती भरू लागली तर ती लवकरच्या बाजूला असली तरी नैसर्गिक मर्यादेतच असते. आठ वर्षे पूर्ण होण्याआधी हा बदल सुरू झाला, तरच वैद्यकशास्त्र त्यास ‘अकाली वयात येणे’ म्हणते. मुलांसाठी हीच सीमा ९ वर्षांची आहे.

आठ वर्षांआधी दिसणारा प्रत्येक बदलही अकाली यौवनाचा नसतो. एक-दोन वर्षांच्या बाळाच्या छातीवर गाठ येते आणि पुष्कळदा आपोआप विरते. काही मुलींना सहाव्या-सातव्या वर्षी केवळ केस आणि घामाला वास येतो. बाकी वाढ वयानुरूपच चालते. अंगाने भरलेल्या मुलीच्या छातीवर नुसती चरबी असते, ती गाठ नव्हे. हा फरक घरच्या डोळ्यांना कळेलच असे नाही. तो तपासणाऱ्या हातांनी ठरवावा लागतो. घरी पाहण्यासारखी एक गोष्ट मात्र सोपी आहे. या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. भिंतीवर पेन्सिलीने उंचीची खूण करण्याची जुनी सवय ज्या घरात आहे, त्या घराला वेग अचानक वाढल्याचे ताबडतोब कळते.

पिढ्यांचे अंतर

मुली पूर्वीपेक्षा लवकर वयात येतात हे खरेच आहे. मात्र त्याचे प्रमाण समजून घ्यावे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पहिली पाळी सोळा-सतराव्या वर्षी येत असे; विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती तेराव्या वर्षावर आली. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि साथींपासून मिळालेली मुक्तता हे त्यामागचे मोठे कारण होते. भारतातील मानव विकास सर्वेक्षणाच्या माहितीवरून पहिल्या पाळीचे सरासरी वय पावणेचौदा वर्षांच्या आसपास निघाले, आणि १९५५ ते ६४ मध्ये जन्मलेल्या स्त्रिया व १९८५ ते ८९ मध्ये जन्मलेल्या स्त्रिया यांच्यातील फरक केवळ तीनेक महिन्यांचा दिसला. शहरातील सुस्थित घरांत हे वय याहून बरेच कमी असते.

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे १९९१ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये मुलींची पाहणी झाली. पंधरा वर्षांत छातीच्या वाढीचे सरासरी वय १० वर्षे ११ महिन्यांवरून ९ वर्षे १० महिन्यांवर आले, म्हणजे एक वर्षाने अलीकडे सरकले. पहिली पाळी मात्र तीन-चार महिनेच अलीकडे आली. वाढीची सुरुवात लवकर होते आहे, पण तिचा प्रवास त्या मानाने सावकाश चालतो. छातीवर गाठ दिसली म्हणजे दोन महिन्यांत पाळी येणार, या भीतीने अनेक आया रात्री जागतात. ती भीती सहसा खरी ठरत नाही.

महामारीच्या काळात मात्र एक निराळी गोष्ट घडली. इटलीतील बालरोगतज्ज्ञांना २०२० मध्ये अकाली वयात येणाऱ्या मुली एकाएकी अधिक संख्येने दिसू लागल्या. पुण्यातील जहांगीर रुग्णालयाच्या बाल-अंतःस्राव विभागातील तज्ज्ञांनीही आपल्याकडील नोंदी तपासल्या, तेव्हा टाळेबंदीपूर्वीच्या तुलनेत अशा मुलींचे प्रमाण तिपटीहून अधिक वाढलेले आढळले. वाढलेले वजन, थांबलेला खेळ, बिघडलेली झोप, मनावरचा ताण अशा अनेक शक्यता चर्चिल्या गेल्या. एकच एक कारण सिद्ध झालेले नाही.

हे का घडते?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो बालपणात जणू निजलेला असतो. योग्य वेळी तो जागा होतो आणि ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने, पिट्युटरी ग्रंथीस संदेश पाठवू लागतो. पिट्युटरी बीजकोशांना जागे करते आणि बीजकोश स्त्रीत्वाचे संप्रेरक स्रवू लागतात. हे घड्याळ लवकर का वाजते, याचे ठळक कारण बहुसंख्य मुलींमध्ये सापडत नाही. काही घरांत आई, आत्या, मावशी यांचेही असेच झालेले असते. २०१३ मध्ये सापडलेला एक जनुकदोष तर वडिलांकडून मुलांकडे उतरतो. म्हणून ‘कोणावर गेली’ हा प्रश्न केवळ आईला विचारून भागत नाही.

शरीरातील चरबी हा या घड्याळाला मिळणारा एक इशारा आहे. पुरेसा साठा झाला, असा निरोप चरबी मेंदूला देते. १९९१ मध्ये स्वीडनमध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. भारतातून तेथे दत्तक गेलेल्या १०७ मुलींची पाहणी केली असता त्यांची पहिली पाळी साधारण ११ वर्षे ७ महिन्यांच्या सुमारास आल्याचे दिसले. सर्वांत लहान मुलगी तर सव्वासात वर्षांची होती. आरंभी कुपोषण आणि नंतर झपाट्याने भरून निघालेली वाढ, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज दीड ग्लासाहून अधिक गोड शीतपेये घेणाऱ्या मुलींना, ती क्वचित घेणाऱ्या मुलींपेक्षा, पाळी जवळजवळ पावणेतीन महिने आधी आल्याचे आढळले.

क्वचित प्रसंगी मूळ निराळे असते: मेंदूतील गाठ, बीजकोशावरील पुटी, दीर्घकाळ उपचाराविना राहिलेला थायरॉइडचा विकार, किंवा घरातील मोठ्यांचे संप्रेरकयुक्त मलम मुलीच्या त्वचेला लागत राहणे. मुलगी जितकी लहान, तितकी अशा कारणांची शक्यता अधिक. म्हणून सहा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत एक आठवडाही दवडू नये. डोके दुखणे, दृष्टी अंधुक होणे, उलट्या होणे अशी लक्षणे सोबत असल्यास तर मुळीच नाही.

दुधाविषयीचा संशय घरोघरी असतो. गाई-म्हशींना पान्हा सुटावा म्हणून ऑक्सिटोसिन टोचले जाते, आणि त्यामुळे मुली लवकर वयात येतात, असे सांगितले जाते. हे द्रव्य प्रथिनांच्या जातीचे आहे. ते पोटात गेल्यावर पचून मोडते आणि त्याने मुली लवकर वयात येतात असा शास्त्रीय पुरावा नाही. मुक्या जनावराला वेदना देणारी ही प्रथा अहिंसेच्या दृष्टीने निषिद्धच आहे. परंतु तिच्या धास्तीने वाढत्या मुलीचे दूध बंद करणे तिच्या हाडांना महागात पडते. शाकाहारी घरात कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व देणारे दूध हेच मुख्य अन्न असते.

डॉक्टरांकडे गेल्यावर

पहिली पायरी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. आवश्यक वाटल्यास ते बाल-अंतःस्रावतज्ज्ञाकडे पाठवतात. वाडीच्या कुटुंबांना त्यासाठी परगावी जावे लागते असे नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे नागपूरकरांचे ‘मेडिकल’, आणि मिहानमधील एम्स ही दोन्ही सार्वजनिक रुग्णालये शहरातच आहेत. तेथे प्रथम उंची-वजनाची जुनी नोंद पाहिली जाते. त्यामुळे लसीकरणाचे कार्ड, शाळेचे आरोग्यपत्रक आणि आई-वडिलांची उंची सोबत न्यावी. डाव्या हाताच्या व मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढतात. सात वर्षांच्या मुलीची हाडे दहा वर्षांची दिसली, तर वाढीचे दिवस वेगाने खर्च होत आहेत असा त्याचा अर्थ. रक्तातील संप्रेरकांची तपासणी आणि पोटावरून केलेली गर्भाशय-बीजकोशांची सोनोग्राफी यांनी चित्र पूर्ण होते. काही मुलींच्या मेंदूचे एमआरआय काढावे लागते. यातील कोणतीही तपासणी मुलीच्या कौमार्याला बाधा आणणारी नसते. हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण याच शंकेने काही आज्या नातीला रुग्णालयात जाऊ देत नाहीत.

उंचीचे गणित पालकांना अनेकदा फसवते. लवकर वयात येणारी मुलगी तिसरी-चौथीत वर्गात सर्वांत उंच असते आणि घर आनंदते. परंतु ज्या संप्रेरकाने उंची वाढते, तेच हाडांच्या वाढत्या टोकांना पिकवून मिटवते. पहिल्या पाळीनंतर साधारण पाच ते सात सेंटिमीटरच उंची उरते. चौथीत सर्वांत उंच असलेली मुलगी मग दहावीत सर्वांत बुटकी ठरू शकते.

गरज असेल तेथे उपचार आहे आणि तो १९८०च्या दशकापासून वापरात आहे. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देतात. मेंदू ठोक्याठोक्याने जो संदेश पाठवतो, त्याच संदेशासारखे हे औषध अखंड मिळत राहते. सतत वाजणाऱ्या घंटेकडे जसे लक्ष जाईनासे होते, तशी पिट्युटरी प्रतिसाद देणे थांबवते आणि वाढीचा वेग रोखला जातो. साधारण अकराव्या वर्षाच्या सुमारास औषध बंद केले की थांबलेली वाटचाल पुन्हा सुरू होते आणि बहुधा वर्ष-दीड वर्षात पाळी येते. अशा मुलींच्या पुढील काळातील पाहण्यांत मातृत्वाला बाधा आल्याचे दिसलेले नाही. उंचीचा सर्वाधिक लाभ सहा वर्षांआधी बदल सुरू झालेल्या मुलींना होतो. आठ वर्षांनंतर सुरू झालेल्या बदलासाठी इंजेक्शनाने उंचीत फारसा फरक पडत नाही. म्हणून प्रत्येक मुलीला औषध लागतेच असे नाही. अनेकींना दर काही महिन्यांनी मोजमाप आणि धीराचे चार शब्द पुरतात. पाळी थांबवण्याचे काढे आणि जाहिरातीतील चूर्णे मात्र कोणत्याही वयात देऊ नयेत.

वय शरीरावरून की वर्षांवरून?

महाराष्ट्राने हा वाद एकदा फार कडवटपणे घातला आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रुखमाबाईंनी पतीच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला, आणि १८८४ पासून १८८८ पर्यंत मुंबईत त्या प्रकरणाने समाज ढवळून निघाला. बंगालमधील फुलमणी या कोवळ्या मुलीचा १८९० मध्ये पतीच्या अत्याचाराने मृत्यू झाला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहित मुलीसाठीही किमान वय १० वरून १२ वर्षे केले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की रजोदर्शन झाले की मुलगी मोठी झाली, आणि गर्भाधानविधी त्याच वेळी व्हावा ही शास्त्राज्ञा आहे. लोकमान्य टिळक कायद्याच्या विरोधात उभे राहिले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर बाजूने. कायद्याने अखेर एक तत्त्व मान्य केले: मुलीचे मोठेपण तिच्या शरीराने ठरणार नाही, वर्षांनी ठरेल.

सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी घराघरांत ते तत्त्व पुरते रुजलेले नाही. नऊ वर्षांची मुलगी चौदा वर्षांची दिसू लागली की तिच्याशी वागणे नकळत बदलते. अंगणातला खेळ बंद होतो. वडील तिला जवळ घेईनासे होतात. शेजारीण ‘आता मोठी झाली’ म्हणून डोळे मिचकावते. शाळेच्या व्हॅनमध्ये मोठी मुले चिडवतात. शाळाही तयार नसते. किशोरावस्थेचा धडा केंद्रीय अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे आठवीत होता. शासकीय योजनांचा हिशेबही असाच आहे. २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे; राज्याची २०१८ मधील अस्मिता योजना जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वर्षांच्या मुलींसाठी आखली गेली. नवव्या वर्षी पाळी आलेली मुलगी या साऱ्या यादीच्या बाहेर उभी असते. तिच्या वाट्याला उरते ते फक्त घर.

घरात काय बदलावे, काय बदलू नये

पहिले काम सांगण्याचे. पाळी येण्याआधी तिला कळले पाहिजे. नंतर सांगितले तर रक्त पाहून ती घाबरलेली असते. आठ वर्षांच्या मुलीला लांबलचक विवेचन नको. ‘तुझं शरीर मोठं व्हायला लागलं आहे. सगळ्या मुलींचं होतं, तुझं थोडं आधी होतंय. एखाद्या दिवशी चड्डीला रक्त दिसलं तर घाबरू नकोस. तो आजार नाही. मला सांग, मी शिकवीन काय करायचं,’ इतके पुरे. दप्तरात एक लहान पिशवी, तीत पॅड आणि जादा कपडे. आणि वर्गशिक्षिकेच्या कानावर विश्वासाने घातलेले दोन शब्द.

दुसरे काम सुरक्षिततेचे. नकोशा स्पर्शाविषयी आणि तो झाल्यास ओरडून कोणाला सांगायचे याविषयी तिला स्पष्ट शिकवावे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल, ते कितीही मोठे दिसो, २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या दृष्टीने बालकच आहे. संकटात १०९८ हा क्रमांक तिला पाठ असावा.

तिसरे आहार-विहाराचे. वजन आटोक्यात ठेवायचे ते खेळ, झोप आणि घरच्या जेवणाने. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारभर कूलरसमोर मोबाइल घेऊन बसणे अपरिहार्य वाटते. पण सकाळी व सूर्य कलल्यावर एक तास धावणे जमते. पाळी लांबावी म्हणून लहान मुलीला उपवास घडवणे किंवा जेवण तोडणे हानिकारक आहे. पर्वातील तप तिने श्रद्धेने आणि वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने, वय व ताकद पाहूनच करावे. पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह अधिक लागते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असणाऱ्या घरांत कडधान्ये, तीळ, अळीव, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि त्यांच्या जोडीला लिंबू वा आवळा उपयोगी पडतात.

चौथे आणि सर्वांत नाजूक काम पाळीच्या दिवसांतील रीतिरिवाजांचे. अनेक जैन घरांत त्या दिवसांत मंदिर, स्वयंपाकघर आणि मुनिजनांच्या आहारदानापासून दूर राहण्याची रीत आहे. मोठ्या स्त्रीला तिचा अर्थ ठाऊक असतो. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र एवढेच दिसते की कालपर्यंत आजीच्या मांडीवर बसून पाठशाळेचे धडे म्हणत होतो, आज आजी हात लावू देत नाही. ही तिला शिक्षा वाटते, आणि आपले काही तरी चुकले ही भावना मनात घर करते. घराने कोणती रीत किती पाळावी हा त्या घराचा प्रश्न. परंतु कारण आधी सांगावे, सर्वांसमोर हिणवू नये आणि तिला एकटी पाडू नये. आईने जवळ बसावे, गोष्ट सांगावी. मनातल्या मनात णमोकार म्हणायला अनेक घरांत आडकाठी नसते, हेही तिला सांगावे. रीतीपेक्षा तिची झोप, तिची शाळा आणि तिचे हसणे मोलाचे आहे, हे आजीनेच म्हटले तर त्याला अधिक वजन येते.

शेवटी वडिलांविषयी. मुलीचे शरीर बदलले म्हणून तिला सायकल शिकवणे, गणित सोडवून घेणे, डोक्यावरून हात फिरवणे थांबू नये. लवकर वयात येणाऱ्या मुलींत उदासी आणि स्वतःच्या देहाविषयीची लाज अधिक दिसते, असे अनेक अभ्यास सांगतात. त्यावर वडिलांच्या सहज वागण्याइतके गुणकारी औषध दुसरे नाही.

भिंतीवरची उंचीची खूण, आठ वर्षांची सीमा आणि वेळेवर घेतलेला सल्ला या तीन गोष्टी मुलीचे शरीर सांभाळतात. मन सांभाळण्यासाठी तिच्याकडे तिच्या खऱ्या वयाच्या नजरेने पाहावे लागते. ती शहाणी होण्यास अजून अवकाश आहे. तोवरचे शहाणपण घराने दाखवायचे आहे.